उभ्याला टेप, आडव्याला काठी

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी धाकटा मेस्त्री इस्पितळातून घरी आला तो दोनच कामांसाठी. ठकीची निळी चादर न्यायची होती आणि जमलं तर तिच्या पलंगासाठी फळ्या कापून ठेवायच्या होत्या. ठकी त्याची पाच वर्षांची लेक. जन्मापासून तिच्या काळजाला भोक होतं. जिना चढली की ओठ जांभळे पडायचे. डॉक्टर म्हणाले होते, छाती उघडून भोक बुजवू, पण नंतर सहा आठवडे पोरीनं उताणंच झोपायचं, कुशीवर वळायचं नाही. म्हणून दोन्ही बाजूंना कठडे असलेला ठेंगणा पलंग हवा होता. सुतारानं विकतचा पलंग आणला असता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

त्याला धाकटा म्हणायचे ते वडिलांमुळे. थोरले मेस्त्री शवपेट्या करत. चाळीस वर्षं गावच्या चर्चमधलं जे माणूस गेलं, ते त्यांच्याच हातच्या फळ्यांत निजलं. "माझं एकही गिऱ्हाईक माप चुकलं म्हणून परत आलेलं नाही," असं म्हणून ते स्वतःच हसत, आणि आतून आई ओरडे, "देवाला तरी भ्या!" धाकट्याचं लहानपण त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात भुशावर लोळण्यात गेलं. लाकूड चिकटवायच्या उकळत्या सरसाचा वास, रंध्याची लांबच लांब सर्रर्र आणि बाबांचं गुणगुणणं. गीत कुठलंही असो, ते दुसऱ्या कडव्यापासूनच म्हणत, कारण पहिलं त्यांना कधी आठवायचंच नाही. त्या आवाजावर धाकटा कितीदा तरी झोपी गेला होता. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर त्याला अजूनही नीट झोप लागत नव्हती.

चूक झाली ती तीन दिवसांपूर्वी. थोरल्यांची एक काठी होती, हाताळून गुळगुळीत झालेली, बोटाबोटावर खाच पाडलेली. तिच्याबद्दल घरात एकच नियम: उभ्याला टेप, आडव्याला काठी. टेबलं, दारं, जितीजागती माणसं टेपनं मोजायची. काठी लावायची ती पुन्हा न उठणाऱ्यालाच. आणि ती एकदा लावली की थोरले पाणीसुद्धा न पिता कामाला लागत. "माप घेतलं की त्याला तिष्ठत ठेवू नये रे," म्हणत.

त्या दिवशी ठकी कारखान्यातच फळीवर झोपली होती आणि टेप कुठल्याशा गिऱ्हाइकाकडे राहिला होता. दमलेलं लेकरू, कशाला उठवा, म्हणून त्यानं खुंटीवरची काठी काढली, तिच्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरली आणि पेन्सिलीनं खूण केली. काठी परत अडकवताना त्याला नियम आठवला. मग त्यानंच स्वतःची समजूत घातली, की काठी म्हणजे शेवटी लाकूडच.

आज कारखान्याचं कुलूप उघडलं तर जमिनीवर घोट्यापर्यंत लाकडाच्या ढलप्या. त्याचा स्वतःचा रंधा वीतभर जाऊन अडखळायचा, ढलपी तुटायची. बाबांनी त्यावरून जन्मभर त्याला बोलणी घातली होती. या ढलप्या अख्ख्या होत्या, फळीच्या लांबीच्या. तासलेल्या फळ्या भिंतीशी उभ्या होत्या. त्यानं सरसाच्या भांड्याला हात लावला. भांडं कोमट होतं.

"उघडलंस का दार एकदाचं?" मागच्या घरातली मावशी, आईची धाकटी बहीण, दारात उभी होती. "म्हटलं, लेकीपाशी बसायचं सोडून याचं काय चाललंय!"

"मी आत्ता येतोय, मावशी."

"मग सकाळपासून रंधा कोण मारतंय?" ती हसत होती. "गुणगुणतही होतास. दुसरं कडवं... मला वाटलं, अगदी भावजींसारखा..."

तिची नजर त्याच्या हातातल्या कुलपावर गेली.

"किल्ली...?"

"एकच आहे. माझ्याकडे."

मावशी तशीच घरी गेली. तिच्या दाराची कडी लागल्याचं त्याला ऐकू आलं.

दुसरा कुणी असता तर पळत सुटला असता. धाकटा त्या ढलप्यांत बसला. त्यानं मूठभर उचलून हुंगल्या. तीन वर्षं तो याच वासासाठी झुरला होता, आणि आज त्याला त्याची भीतीही वाटली.

"बाबा," तो म्हणाला, "माझं चुकलं. ती ठकी आहे... तुमची ठकी. ती उठणार आहे, बाबा. तिला पलंग हवाय... नुसता पलंग."

कोपऱ्यातल्या ढलप्या हलकेच चुरचुरल्या, कुणी ऐकता ऐकता या पायावरचा भार त्या पायावर घ्यावा तशा. त्यानं चादर उचलली, कुलूप लावलं आणि मागं न बघता इस्पितळ गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठकीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर तो, बायको आणि पाळकसाहेब. साहेबांनी प्रार्थना केली. बायकोला त्यानं काही सांगितलं नव्हतं. अकराच्या सुमाराला फिनेलच्या वासातून सरसाचा वास आला. मग बंद दारापलीकडून आवाज... सर्रर्र... सर्रर्र...

बायकोनं मान वर केली. "कसला आवाज हा?"

"चाललं असेल कुठं लाकूडकाम."

"बरं वाटतं ऐकून," ती म्हणाली. "झोप येते..."

त्यानं तिचा हात घट्ट धरला. रंधा चालतोय तोवर काम अपुरं आहे, हे त्याला ठाऊक होतं. रंधा थांबला की पेटीला खिळे ठोकतात. पाळकासमोर बोलण्याजोगी प्रार्थना त्याला सुचेना. चालू दे, बाबा, चालू दे, एवढंच तो मनात घोकत राहिला.

दीडला आवाज थांबला. त्यानं कान टवकारले. हातोडीचा पहिला ठोका आता पडेल, मग पडेल... पडला नाही. दार उघडून सर्जन बाहेर आले. "छान झालं सगळं. हृदय आपलं आपण चालतंय." बायको तिथंच खाली बसून रडली. त्याच्या जिवात जीव आला.

बारा दिवसांनी ठकी घरी आली. धाकट्यानं हातही न लावता पलंग कारखान्यात तयार होता. ठेंगणा, दोन्हीकडे कठडे, कोपरे असे गोल की पोरीला कुठं टोचू नये. एकही खिळा नव्हता. "ऐकलंत तर माझं," म्हणून धाकटा ढसाढसा रडला. त्या दुपारी ठकी तिच्या पलंगात गाढ झोपली, आणि तो केर काढायला कारखान्यात गेला.

ढलप्यांच्या ढिगामागं आणखी एक फळी होती. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, दोन्ही अंगांनी तासलेली. संध्याकाळी ठकी आईजवळ बसली असताना त्यानं ती पलंगावर आडवी ठेवून पाहिली. कठड्यांवर ती झाकणासारखी अशी चपखल बसली की मधून केसही जाऊ नये.

जाळून टाकायला हवी होती. पण बाबांच्या हातचं शेवटचं काम. काडी ओढायला त्याचा हात धजेना. त्यानं ती माळ्यावर टाकली आणि कुणाला सांगितलं नाही.

त्याला दोन वर्षं झाली. ठकी आता जिना दोन दोन पायऱ्या टाकत चढते. "बाबा, तुम्हाला मापच घेता येत नाही!" असं ती परवा हसत म्हणाली, कारण तिची पावलं पलंगाबाहेर चार बोटं येतात. नवा, मोठा पलंग करायचं ठरलं. लाकूड शोधायला तो माळ्यावर चढला, ती फळी खाली आणली आणि सहज जुन्या कठड्यांवर ठेवली.

फळी पलंगाबाहेर चार बोटं येत होती.