डाव्या हाताचे ठोके

योगेंद्रने बापाच्या हातोड्या भंगारात घातल्या, त्याही आईला न विचारता. चंद्रभागाबाई हे सांगू लागल्या की समोर कोण बसलंय ते बघायच्या नाहीत. सुनेच्या माहेरचे असोत की बँकेचा साहेब. "ज्या हातोडीनं तुले दूध पाजलं, ती किलोवर विकली," असं त्याला चारचौघांत ऐकवायच्या.

भंडाऱ्यात खांब तलावाजवळच्या त्यांच्या गल्लीत एके काळी सकाळी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. मग स्टील आलं आणि एकेक घर गप्प झालं. नवरा, केवळराम, शेवटपर्यंत पितळ ठोकत राहिला आणि खोकत खोकत गेला. आता शहरातल्या लोकांना पुन्हा पितळ हवंसं झालं, तशी योगेंद्रने शहापूरला हायवेवर शेड टाकून प्रेस मशीन बसवली. पत्रा आत, गंज, म्हणजे स्वयंपाकाचं पातेलं, बाहेर, आरशासारखा गुळगुळीत. हा कारखाना चालला तर गल्लीतल्या दहा घरांना काम मिळणार होतं. बाईंनी नाक मुरडलं, पण नारळ त्यांनीच फोडला.

पहिल्याच आठवड्यात एका गंजाच्या बुडाला बारीक खळगा दिसला. साच्यात कचरा असेल म्हणून मेकॅनिक सचिनने साचा पुसला. दुसऱ्या दिवशी खळग्यांची एक ओळ आली. साचा बदलला. मग चार ओळी. शेवटी गंज बुडापासून काठापर्यंत ठोकलेला निघू लागला, आणि साचा बघावा तर काचेसारखा साफ. सचिन काम सोडून गेला. नागपूरचा व्यापारी मात्र हरखला. असं हातकाम आता कुठे मिळतं, म्हणाला, आणि दुप्पट माल मागितला. योगेंद्रनेही हो, हातकामच आहे, असं सांगून टाकलं.

एक गंज त्याने घरी आणला. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि उंबऱ्यावरच टेकल्या. ठोके डावीकडे कललेले. अख्ख्या गल्लीत डावखुरा एकच होता. आणि दर अकरा ठोक्यांनंतर एक जागा कोरी. तिथे केवळराम खोकायला थांबायचा.

त्या रोज शेडवर जाऊ लागल्या. दुपारी, माल निघायच्या वेळी, पाटावर बसून कोमट गंज चाचपायच्या. माल वाढला तशी कोरी जागा लवकर येऊ लागली. आठ ठोक्यांनंतर. पाच ठोक्यांनंतर.

मशीन बंद कर, असं त्यांनी मुलाला सांगून पाहिलं.

"माय, आता कुठं धंदा सुरू होऊन राहिला," तो म्हणाला. "लोकायच्या पोटावर पाय देऊ काय?"

सोमवारी तीन ठोक्यांनंतर.

मंगळवारी बाईंनी पहिलाच गंज उचलला. दोन ठोके, कोरी जागा. दोन ठोके, कोरी जागा. अर्ध्यावर सगळंच थांबलेलं.

बोट पुढे सरकलं.

चार बोटं कोऱ्या पितळेनंतर ठोके पुन्हा सुरू झाले होते. उजवीकडे कललेले. वेडेवाकडे, एकावर एक पडलेले, नवशिक्याचे.

समोर योगेंद्र उजवं मनगट चोळत उभा होता. सकाळपासून ठणकून राहिलं, काहून ते समजत नाही, असं कामगारांना सांगत होता.

बाईंनी गंज त्याच्या पायाशी ठेवला.

"बाप थकला तुहा. आता तुले बसवलं त्यानं. अन् तुले धड ठोकता बी येत नाही."