बावीसशे ओहम

रविवारी नंदुरबारचा कापसाचा जिनिंग कारखाना बंद असे. नवापूरच्या गाडीनं आलेली सुसाना दुपारी थेट इंजिनघरात शिरली, तेव्हा म्हातारा इंजिन-ड्रायव्हर प्रेमचंद दाराशी तंबाखू मळत बसला होता. सन एकोणीसशे अडतीस. तिचे वडील, रेवजी वायरमन, जाऊन अठरा दिवस झाले होते.

आवारातल्या लोखंडी खांबावर त्यांना विजेचा धक्का बसला. रेवजीनं हयगयीनं चालू तारेला हात लावला, असं मालक उद्या लिहून देणार होता. सुसाना मिशनच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवी. तारेतून वीज खांबात गळत असणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. गळती आकड्यांत दाखवली की वडिलांवरचा ठपका जाणार होता. मालकानं तिला एवढी एक दुपार दिली होती, आणि भरून द्यायला अहवालाचा एक कागद.

प्रेमचंदनं इंजिन चालू केलं. डायनामो घुमू लागला. व्होल्टमीटर एकशे दहावर स्थिरावला. दिवे सगळे बंद. दुसरा, प्रवाह मोजणारा काटा शून्यावर हवा होता. तो पन्नास मिलीअँपिअरवर होता.

"सगळा दिवा बंद शेतस, माय. मंग हाऊ काटा काबर हाली ऱ्हायना?"

"गळती आहे, काका. तीच हवी होती मला."

तिनं गुणाकार केला. साडेपाच वॅट. एवढ्यानं दिव्याची तार धड लालही होत नाही. माणूस मात्र जातो.

इंजिन थांबवून तिनं खांबाकडे जाणारी लाईन भिंतीपाशीच तोडायला लावली. जळक्या तेलाच्या वासाच्या त्या खोलीत आता तारांची दोन टोकं नुसती हवेत लोंबत होती, एकमेकांपासून हातभर लांब.

इंजिन पुन्हा सुरू झालं. एकशे दहा. पन्नास.

प्रेमचंदनं तंबाखू थुंकून टाकली. "आते वीज कोठे जाई ऱ्हायनी, माय?"

तिनं मीटर ठोकून पाहिला, बदलून पाहिला. मग एकशे दहाला शून्य पूर्णांक शून्य पाचनं भागलं. बावीसशे ओहम.

हा आकडा तिच्या ओळखीचा होता.

लाईनवर नवा माणूस आला की रेवजी आधी त्याचे तळहात मिठाच्या पाण्यात बुडवी, त्याच्या हातात बॅटरीला जोडलेल्या पितळी मुठी देई, मीटर वाची आणि त्या माणसाचा रोध, म्हणजे त्याचं अंग विजेला किती ओहम अडवतं ते, वहीत लिही. "लोके कापूस तोलतस, रेवजी मानसं तोले," असं प्रेमचंद चिडवायचा. रेवजी त्या माणसाला सांगे, हा तुझा आकडा. वीज तुला याच नावानं ओळखते.

वही फळीवर होती. पहिल्या पानावर: रेवजी, २२००. खाली, बारा वर्षांच्या मुलीचा: सुसाना, २७५०.

"बंद करू का?" प्रेमचंद शुद्ध बोलला. तो घाबरला की तसं बोले.

"थांबा."

मालकाचा कागद तिच्यापुढे होता. 'दोष कोठे' यापुढची जागा कोरी. तिनं कागद दोन्ही हातांनी दाबून धरला आणि काट्याकडे पाहिलं.

काटा नव्वदवर गेला.

चाळीस वाढले होते. एकशे दहा भागिले शून्य पूर्णांक शून्य चार. हा भागाकार तिला कागदावर करावा लागला नाही; उत्तर वहीत तिच्या नावापुढे होतं.

इंजिन थांबलं. तिनं हात उचलले. कोऱ्या जागेवर दोन तळहातांचे ओले ठसे होते. ते वाळले, तेव्हा कडेनं मिठाची पांढरी रेघ उरली.