उजवी बाही

सुजय, तो मोबाइल उलटा ठेव. वल्लरी, शाल घे. गच्चीवर गारठा वाढतो आहे. आणि दोघेही आवाज बेताचा ठेवा, कारण ज्याची ही हकीकत आहे तो माझा मित्र उन्मेष पलीकडच्याच गल्लीत राहतो. तो बघा, त्याच्या खोलीतला दिवा. सुदामा नगर सगळे झोपले तरी तो दिवा मालवला जात नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातला शेवटचा रविवार, रात्रीचे साडेअकरा. पहाटेच्या गाडीने उन्मेषला बिलियर्ड्सच्या स्पर्धेसाठी भोपाळला जायचे होते. सामान बांधताना लक्षात आले की क्यू, म्हणजे खेळायची काठी, क्लबातल्या कपाटातच राहिला आहे. क्लबाची एक किल्ली त्याच्याकडे असे. राज्याचा इतक्या वर्षांचा विजेता, त्याला कोण नाही म्हणणार? शालिनीवहिनींना "आलोच" म्हणून त्याने स्कूटर काढली. काम एवढेच होते.

तो क्लबात पोचण्याआधी तुम्हाला नंदू माहीत व्हायला हवा.

नंदू गिरणीकामगाराचा मुलगा. विजय नगरातल्या पूल पार्लरांत पैजा लावून खेळे. रीत ठरलेली: आधी मुद्दाम हरायचे, समोरच्याला फुगवायचे, पैज वाढली की लोळवायचे. त्याने एकही स्पर्धा कधी खेळली नाही. सगळे क्यूच्या टोकाला निळा खडू लावतात; हा कुठून तरी हिरवा आणी आणि अंगठ्याने चोळी. जेवतानाही त्याचा अंगठा हिरवाच असे. पण चेंडू त्याचे ऐकत. याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही.

पार्लरातली मंडळी, ज्यांच्या तोंडी भाऊचा भिया होतो, म्हणत, "कप उन्मेषजींचे, पण हात नंदू भियाचा."

ते वाक्य उन्मेषच्या कानांवर आले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. तो चोरून नंदूचा खेळ पाहायला जाऊ लागला. दाराशी उभा राही, हेल्मेटही काढत नसे. मग माझ्याकडे येऊन म्हणे, "शरच्चंद्र, त्याचं कोपर पाहिलंस? उभं राहायची ढबच चुकीची. शास्त्र म्हणून काही नाही!"

मी आयुष्यभर मराठी शिकवले, तेव्हा एवढे ऐकून घ्या. याला हेवा म्हणू नका. हेव्याला दुसऱ्याजवळचे आपल्याला हवे असते. ते मिळाले की तो शमतो. दुसऱ्याच्या गुणातच दोष शोधत बसणे, ती असूया. तिला स्वतःसाठी काहीच नको असते. समोरच्याजवळ ते नसावे, एवढेच.

त्या ऑक्टोबरात त्याने नंदूला क्लबात बोलावले. पूल नव्हे, तीन चेंडूंचे बिलियर्ड्स. आपल्या अंगणात आणून पाडायचा बेत. मी होतो तिथे. नंदू आला, टेबलाच्या हिरव्या कापडावरून हात फिरवत म्हणाला, "वा भिया, ही तर गादी आहे! मस्त नींद येईल."

"झोपायला नाही बोलावलं," उन्मेष म्हणाला.

"तेच तर बघू ना, पहिले कोण झोपतो ते."

लोक हसले. तासाभरात हसणे थांबले, कारण नंदू मागून येऊन बरोबरीला पोचला होता. शेवटचे थोडे गुण उरले. उन्मेष टेबलावर ओणवला, आणि त्याच्या उजव्या बाहीची कड लाल चेंडूला लागली. निसटती. कपडा चेंडूला लागला की फाउल, पाळी गेली. आणि पंचाच्या नजरेतून तो सुटला, तर खेळाडूने स्वतः बोलायचे, हा या खेळाचा कुलधर्म. पंचाने पाहिले नाही. मीही नाही. उन्मेष बोलला नाही. खेळला, जिंकला, टाळ्या झाल्या.

नंदूने हात मिळवताना त्याच्या कानाशी तोंड नेले. "उन्मेषजी, आपला तर धंदाच खोट्याचा आहे. तुम्ही कधीपासून?" आणि हसून, "बाही आवरत जा, भिया."

हे सारे पुढे उन्मेषनेच मला सांगितले.

नोव्हेंबरात खजरान्याच्या वाटेवर एका ट्रकने नंदूच्या मोटरसायकलला उडवले. जागीच गेला. बातमी ऐकून उन्मेषला आधी काय वाटले असेल? हायसे. आता तुलना करायला कोणी उरले नव्हते. ती बाही पाहिलेलेही कोणी नव्हते.

तर, तो रविवार. त्याने क्लबाचे दार उघडले, टेबलावरचा लांब दिवा लावला. कापडावर नेहमीची पांढरी चादर ताणलेली होती. खेळ संपला की चेंडू पेटीत, पेटी कपाटात, ही तिथली शिस्त. त्याने कपाट उघडले. पेटी जागेवर होती. क्यू घेतला. वळला.

टक्.

चेंडूला चेंडू लागल्याचा आवाज. त्याचे सारे आयुष्य त्या आवाजात गेले होते.

चादरीखाली एक उंचवटा होता. लिंबाएवढा.

तो सरकत होता.

कडेला लागला. परतला. हळू... फार हळू... आणि थांबला.

मग काही नाही.

उन्मेष म्हणतो, तशी शांतता एकाच वेळी असते. समोरच्याने तुमची चूक पाहिलेली असते, आणि तुम्ही बोलाल म्हणून तो थांबलेला असतो.

कोणीतरी थांबले होते.

एकच शब्द हवा होता: फाउल. त्याला ते कळले होते. शब्द ओठांवर आला... आणि ते पार्लरातले वाक्य आठवले. कप उन्मेषजींचे, पण हात...

"जिंकलो मीच," तो म्हणाला.

दिवा गेला.

अंधारात त्याच्या उजव्या मनगटाला गार बोटे लागली. ओढले नाही. दाबले नाही. फक्त बाही... हलकेच... वर सारली. थोरला भाऊ धाकट्याची सारतो, तशी.

भोपाळला तो गेला. पहिल्याच फेरीत हरला. नेम धरला की बाही आपोआप पुढे घसरते, म्हणाला. पुढे खेळ सुटला. मी त्याला भास म्हटले, दमणूक म्हटले. गेल्या महिन्यात त्याची साठी झाली. राजवाड्याजवळच्या दुकानातून मी त्याच्यासाठी सदरा घेतला आणि खोके बंद असतानाच त्याच्यापुढे ठेवले.

म्हणालो, "उन्मेष, एकदा बोलून टाक तो शब्द. सुटशील."

त्याने दिव्याकडे पाहिले.

"आणि लोकांनी म्हणावं, हात नंदूचाच होता?"

खोके मीच उघडले. टाचण्या काढल्या, पुठ्ठा काढला, घडी मोडली. त्याने सदऱ्याकडे पाहिलेही नाही. एवढेच म्हणाला, "उजवी बाही बघ."

कोऱ्या पांढऱ्या बाहीच्या कडेवर अंगठ्याचा ठसा होता. हिरवा.

मी त्यावरून बोट फिरवले. खडू माझ्या बोटाला लागला.