घोरपड उशिरा का आली?

आमच्या गावात रोज संध्याकाळी गॅस नुसता जाळून टाकत होते आणि तालुक्याच्या गावी, माझ्या ताईच्या वसतिगृहात गॅस परवडत नाही म्हणून रात्रीची चूल पेटत नव्हती. दोन्ही ठिकाणांना जोडणारी गॅसची नळी आमच्याच शिवाराखालून जाते. आता तुम्हीच सांगा, याला कोडं म्हणायचं की चावटपणा?

मी केतकी भंगाळे, इयत्ता सातवी. माझी सुलभाआत्या गावातला केळीगॅसचा प्रकल्प चालवते. घड कापल्यावर केळीची खोडं बांधावर पडून राहतात. ती आत्या बंद टाकीत कुजवते. आत हवा नसली की सूक्ष्मजीव त्यांच्यापासून मिथेन (जळणारा वायू) तयार करतात. जमिनीखालून काढतात तो नैसर्गिक वायूही मुख्यतः मिथेनच. आत्याचा गॅस नीट शुद्ध केला की चुलीला फरक कळत नाही.

वसतिगृह आत्याकडून स्वस्त गॅस घ्यायला एका पायावर तयार होतं. पण नळी ‘तापीतीर गॅस’ या कंपनीची. तिचं एकच पालुपद : नळी भरलेली आहे, जागा नाही. मिथेन तसाच हवेत सोडला तर पृथ्वी आणखी तापते, म्हणून आत्याला तो उंच चिमणीवर जाळावा लागायचा. हे गिऱ्हाईक मिळालं नाही तर प्रकल्पाला टाळं लागणार होतं.

त्या दिवशी मी रागानं धुमसत प्रकल्पाच्या कुंपणाशी बसले होते. तिथेच नळीचं एक दार आहे. ते उघडलं आणि घोरपड बाहेर आली. घोरपड म्हणजे नळीच्या आतून फिरून गंज आणि तडे शोधणारा यंत्रमानव. नाव आम्हा मुलांनी ठेवलेलं. ती बोलते आणि खोटं बोलायला तिला कुणी शिकवलेलं नाही.

“एवढा मोठा मुलूख आणि नळी एकाच कंपनीची?” मी तिच्यावरच खेकसले. “दुसरी टाका की!”

“एका शेताला जायला दोन जणांनी शेजारी शेजारी दोन रस्ते बांधले तर?”

“वेडेपणा होईल.”

“नळीचंही तसंच. सगळं परत खोदणं म्हणजे नासाडी. याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात (एकानंच केलेलं परवडतं असं काम). नळी एक असण्यात चूक नाही, केतकी. गॅसच्या बाजारात तीन कामं असतात. कुणी गॅस काढतं किंवा बनवतं, कुणी वाहून नेतं, कुणी विकतं. बनवणारे आणि विकणारे पुष्कळ असू शकतात. वाहून नेणारा मात्र एकच. आता तो एकटा स्वतःचाही गॅस विकत असेल तर?”

“तर तो दुसऱ्याला रस्त्यावर पाऊल ठेवू देणार नाही!” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग एक शंका आली. “पण आमचा गॅस त्यांच्यात मिसळला, तर वसतिगृहाला नेमका आमचाच कसा मिळेल?”

“डेअरीत तुमच्या म्हशीचं दूध कुठे जातं?”

“सगळ्यांच्या दुधात. तपासून, मोजून घेतात.”

“आणि पलीकडे तेवढंच मोजून देतात. तुमच्याच म्हशीचा थेंब शोधत कुणी बसत नाही.”

“पण नळीत जागाच नाही म्हणे!”

घोरपड म्हणाली, “मला मोटर नाही. मागून वाहणारा गॅस मला ढकलतो. जास्त वाहिला तर मी पळते, कमी वाहिला तर रांगते.”

मी ताडकन उठले. पूर्वी ती सकाळी आत शिरली की शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत यायची. आज आली होती ती काल सकाळी निघालेली! म्हणजे नळीत गॅस कमीच वाहत होता.

पुढच्या आठवड्यात आत्याच्या तक्रारीवर नियामक मंडळापुढे (कंपन्या नियमानं वागतात का, हे पाहणारं मंडळ) सुनावणी झाली. कंपनीचे साहेब साळसूदपणे म्हणाले, “आमची तर फार इच्छा आहे, पण नळी तुडुंब आहे.”

“मग घोरपड उशिरा का येते?” मी ओरडले. आत्यानं माझा हात दाबला, पण मी गप्प बसले नाही.

“यंत्र जुनं झालंय, बाळ.”

“तिला मोटरच नाही! वाहणारा गॅसच तिला ढकलतो. जुनं काय झालं?”

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “उद्या सकाळी यंत्र आत सोडा. आम्ही दाराशी येऊन बसतो.”

आले सगळे. चहा झाला, जेवण झालं, परत चहा झाला. साहेब घाम पुसत होते. सूर्य मावळला तरी घोरपड आली नाही. चिमणीवर आमचा गॅस भडभडून जळत होता. अध्यक्षबाई त्या ज्वाळेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे बघून लाज वाटते.”

निकाल लागला. नळी सार्वजनिक रस्त्यासारखी सगळ्यांना खुली करायची, भाडं सर्वांना सारखंच. आणि नळी चालवणारी कंपनी वेगळी, गॅस विकणारी वेगळी, दोन्हींचे मालकही वेगळे.

आत्यानं चिमणी विझवली त्या रात्री ताईचा फोन आला. तिच्या ताटात डाळीचे वाफवलेले गरम फुणके आणि कढी होती. आत्या पदरानं डोळे पुसत हसली. मीही हसले, पण माझा राग गेला नाही. नळीत जागा असताना इतके दिवस रोज संध्याकाळी आम्ही आभाळ कशाला भाजत होतो?

पलीकडच्या गावातल्या बायका आता शेणाच्या गॅसची टाकी बांधताहेत. आणि घोरपड मधल्या सुट्टीच्या आत येते. काल म्हणाली, “धापा टाकायला लावलं तुमच्या केळींनी.”

“अजून जागा आहे का?” मी विचारलं.

“आहे.”

मी सायकल काढली आणि त्या बायकांना सांगायला निघाले.