राजेश्वरीची पापणी

सोनारीच्या काळभैरवापुढं माकडानं हातातला प्रसाद हिसकावला, तशी राजेश्वरी दचकून मागं सरली. पाय पडला तो नेमका एका परक्या तरुणाच्या पायावर.

"आई गं! मोडला की पाय!"

"मग डॉक्टरला दाखवा."

"मीच डॉक्टर हाय... गुरांचा."

ती खुदकन हसली. तो परंड्याचा कृष्णराज, ती ईटच्या शाळेत शिक्षिका. पुढं मात्र दोघांनाही दर रविवारी भैरवाच्या दर्शनाची भारी ओढ लागली.

अशाच एका रविवारी चहा पिताना तो गालात हसला. "देवाच्या दारात डोळा मारतीस व्हय?"

"मी? कधी?"

त्यानं वाकून पाहिलं... आणि त्याचं हसू विरलं. तिची उजवी पापणी मिटली होती ती उघडतच नव्हती.

"डोकं दुखतंय?"

"कालपासून... थोडं."

"ऊठ. आत्ताच्या आत्ता जायचं."

सोलापूरला तपासणीत कळलं — मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो पापणीच्या नसेवर दाब देत होता. कधीही फुटला असता.

"कवटी उघडायची नाही," डॉक्टर तिच्या आबांना, म्हणजे वडिलांना, बब्रुवानांना म्हणाले. "जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊ. प्लॅटिनमची केसासारखी तार वेटोळी करून फुग्यात भरू, म्हणजे आत रक्त शिरणार नाही. पण भरताना फुटायचा धोका आहेच."

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी थांबलं. कृष्णराज शेजारी उभा, ओठ कोरडे.

"घाबरलास?" तिनं विचारलं.

"लई."

"मला काही झालं तर..."

"मला तुझ्याशी लगीन करायचंय. आता बोल पुढं."

मागं बब्रुवान उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान फिरवली. दार मिटलं.

जाग आली तेव्हा पाय सरळ ठेवायला सांगितलेलं. तिनं भीत भीत बोटं हलवली... हलली! फुगा बंद झालाय, पापणी हळूहळू उघडेल, असं डॉक्टर सांगून गेले. ती मात्र दाराकडंच बघत राहिली. आत फक्त घरच्यांना सोडत होते. आबा त्याला हाकलून तर देणार नाहीत?

दार ढकलून कृष्णराज आत आला. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"तुला कसं सोडलं आत?"

तो तिच्या उशाशी बसला.

"आबांनी सिस्टरला सांगितलं... आमचा जावई हाय म्हणून."