उतारावर उतू गेलेलं दूध

सन २०१७, ऑक्टोबर. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत दिवसभर पाऊस पिरपिरत होता आणि माझी कंबर सकाळपासून धरली होती. ऋषी, माझा मुलगा, मला एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, दाखवायला घेऊन गेला. सुनेला, राधिकाला, बाळ होणार होतं आणि माझी खोली बाळाला हवी होती. म्हणून ही चाळीस वर्षांची गाडी बॅकयार्डात उभी करायची आणि मी तिच्यात राहायचं.

"प्रायव्हसी मिळेल तुला, आई."

मी हो म्हटलं. चौसष्टाव्या वर्षी नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

आत एक गृहस्थ आधीच ओणवे होऊन जमीन दाबून पाहत होते.

"दाराजवळ पाय देऊ नका. लाकूड मऊ पडलंय, पाणी मुरतंय कुठून तरी."

"मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"पायरी चढताना 'आई गं' म्हणालात."

ते उल्हास. रिटायर झालेले, एकटे. तीच गाडी घ्यायला आलेले.

ऋषी गाडीच्या मालकाबरोबर छप्पर बघायला शिडीवर चढला. मी कपाट उघडून वास घेतला... जुन्या दमट गोधडीचा. उल्हासनी पिशवीतून पातेली आणि दुधाची बाटली काढली.

"शेगडी तपासतो. जिथे चहा होत नाही, त्या घरात मी पाऊल टाकत नाही."

"टाकलंय की."

ते हसले. दूध तापत ठेवलं.

"कुठे नेणार हिला?" मी विचारलं.

"पश्चिमेला. रस्ता संपेपर्यंत. तुम्ही?"

"बॅकयार्डात."

"म्हणजे — चालवणारच नाही?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. ते माझ्याकडे. तेवढ्यात दूध उतू गेलं. गाडी उतारावर उभी, सगळं दूध दाराच्या बाजूला वाहिलं.

"झाली वास्तुशांत," मी ओढणीनं पुसत म्हटलं.

"विकत घेण्याआधीच," ते म्हणाले. मग हळूच, "दोघांच्या देखत उतू गेलंय... आता एकट्यानं घेणं बरं दिसत नाही."

त्या वयात माझे कान तापले.

छताच्या झडपेतून ऋषीचं डोकं डोकावलं. "आई, मस्त आहे. घेऊ या?"

"नको. गळते ही. ह्यांना घेऊ दे."

"मग तू कुठे राहणार?"

"हिच्यातच," मी म्हटलं.

ऋषी वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. मग आपणहून आम्हा दोघांना घरी न्यायला आला. उल्हासनी आणि मी नोंदणी करून लग्न केलं आणि सगळे उन्हाळे रस्त्यावर काढले. रस्ता संपला तिथे समुद्र होता. जुना मालक मुलीकडे राहायला गेला, दिवाळीला त्याचा फोन येतो. उल्हास गेल्या मार्चात झोपेत गेले.

गाडी आता ऋषीच्या बॅकयार्डात उभी असते. घराला माझ्यासाठी नवी खोली जोडलीय, ती रिकामी आहे, पण मी इथेच झोपते. शेगडीवरचा करपलेला डाग घासत नाही.

माझी सात वर्षांची नात आन्या विचारते, "आजी, व्हाय डोन्ट यू स्लीप इनसाइड?"

"आतच तर आहे मी," मी म्हणते आणि चहा टाकते.