चॉकलेटच्या पोटातले बदाम

"आत्या, बदाम गेले!"

सूनबाईची किंकाळी ऐकून आत्या चहाचा कप घेऊनच स्वयंपाकघरात धावल्या. ओट्यावर चॉकलेटचे बार ओळीनं मांडलेले, आरशासारखे चकचकीत. एक मधोमध मोडलेला.

"चांगले तर दिसतायत गं."

"आत बघा ना! काल कॅरमलमध्ये भाजलेल्या बदामाचे तुकडे घातले होते. दाताखाली कुरकुरायला हवं. हा नुसता गुळगुळीत लगदा!"

दुसरा मोडला, तिसरा मोडला. बदामाचा कण नाही. चॉकलेटला कुठे भोकही नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, तेही पहिलंवहिलं.

"रडू नकोस," आत्या म्हणाल्या. "मी आहे."

माहेरी आलेल्या आत्या जन्मभर बसमध्ये तिकीट तपासनीस होत्या. विनातिकीट माणूस त्यांना म्हणे वासावरून कळायचा. एकदा तर त्यांनी स्वतःच्या साहेबालाच खाली उतरवलं होतं, तेही बस न थांबवता!

त्या ताडताड बाहेरच्या खोलीत गेल्या. नुकताच कामावरून आलेला धाकटा भाचा सोफ्यावर बसून डब्यातलं काहीतरी कुडुमकुडुम खात होता. कॅरमल लागलेले बदाम!

"सापडला!" आत्यांनी त्याचं मनगट धरलं. "कुठून आले हे?"

"कपाटावर डबा होता. त्यात मिळाले."

"आणि मागचा केक कोणी संपवला होता?"

"तो मीच. पण हे मी नाही केलं, आत्या. शप्पथ!"

"भाऊजी, खायचे तर खा," सूनबाई रडवेली झाली. "वर खोटं कशाला बोलता?"

"चोर तो चोर, वर तोंड करून बोलतोय," आत्यांनी शिक्काच मारला.

दारात आत्यांच्या वहिनी, म्हणजे सूनबाईच्या सासूबाई, उभ्या होत्या, या घराच्या शिस्तीचा खांब. सर्दी झाली म्हणून सकाळपासून तोंडाला रुमाल.

"आई, तू तरी सांग ना यांना!"

वहिनींनी मान फिरवली.

भाचा डबा ठेवून उठला. खोलीतून कपडे बॅगेत कोंबल्याचा आवाज यायला लागला. "मित्राकडे राहायला जातो मी. चोर म्हणून या घरात राहायचं नाही मला."

आत्या विजयी मुद्रेनं कप विसळायला गेल्या आणि तिथेच थबकल्या. खिळ्याला टांगलेल्या पिठाच्या चाळणीतून पाणी ठिबकत होतं.

"आज पीठ चाळलंस?" त्यांनी मागून आलेल्या सूनबाईला विचारलं.

"नाही."

"मग ही धुतली कोणी?"

"ती कोण धुतंय? आपण नुसती झटकून ठेवतो."

आत्यांनी एक बार उपडा केला. समोरून आरसा, मागून राखाडी ओघळ.

"असं का दिसतंय गं?"

"अगंबाई! हे काम माझं नाही. चॉकलेट वितळवून, घोळून, हळूहळू थंड करावं लागतं, तेव्हा चमकतं. नुसतं वितळवून ओतलं की असे पट्टे उठतात."

"भाच्याला येईल हे?"

"भाऊजींना? चहा टाका म्हटलं तर पाणी कुठे ठेवलंय विचारतात."

"आणि उरलेले बदाम?"

"ही काय पिशवी, उघडीच आहे."

आत्यांचे कान गरम झाले. उघडी पिशवी समोर असताना चॉकलेट फोडून बदाम काढणारा चोर जगात जन्मलाय का?

"दुपारी तू खोकी आणायला गेलीस. घरी कोण होतं?"

"तुम्ही आणि आई. पण तुम्ही घोरत होतात. खाली रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं."

"काल कॅरमल घोटलं कोणी?"

"आईंनी."

आत्यांनी कप ठेवला.

धाकटा बॅग घेऊन दारापर्यंत पोचला होता.

"थांब," आत्या म्हणाल्या. "आधी ऐक, मग जा. बदाम कोणालाच नको होते. बदामांत हरवलेली एक वस्तू हवी होती, आणि ती कुठल्या बारात गेली ते माहीत नव्हतं. म्हणून एकेका बारचं बूड कापलं, कॅरमल काढून ऊन केलं, चाळलं, परत भरलं. वरून चॉकलेट वितळवून लिंपलं. चाळणीत राहिलेले बदाम टाकवेनात, म्हणून डब्यात भरले." त्या वळल्या. "वहिनी, सर्दी झालेलं माणूस रुमाल नाकाला लावतं. तुमचा सकाळपासून तोंडाला आहे."

वहिनींनी रुमाल खाली घेतला. समोरच्या दाताच्या जागी काळी खिडकी.

"सापडला मला तो," त्या म्हणाल्या, आणि शब्दाबरोबर शीळ वाजली. "बसवलेला दात होता. काल घोटता घोटता चमचा चाटला. कॅरमलनं ओढून नेला. कळलं तोवर बार भरून झाले होते. भांड्यातलं चाटू नका म्हणून तुम्हा सगळ्यांच्या मागे लागणारी मी... कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि मला चोर म्हणाले तेव्हा?"

"बोलले असते तर दिसलं असतं ना रे."

"दातासाठी, आई?"

सूनबाईनं सगळे बार निमूटपणे कचऱ्याच्या डब्यात ओतले, धाकट्याकडे बघायची हिंमत न करता. मग फोन उचलला. वहिनींनी तो तिच्या हातातून घेतला.

"हॅलो. माल आज मिळणार नाही. कारण त्यात माझा दात पडला होता. हो, दात. सूनबाईची काही चूक नाही." त्यांनी धाकट्याकडे बघितलं. "आणि माझ्या मुलानं काही चोरलेलं नाही."

गिऱ्हाइकानं हे विचारलंच नव्हतं.

धाकट्यानं बॅग जमिनीवर टेकवली. आत्यांनी खाली घातलेली मान वर न करताच हात पुढे केला.

"वहिनी, ठेवू नका फोन. मलाही सांगायचंय त्यांना, त्याला चोर कोणी ठरवलं ते."